मदत हवी आहे: आई-बाबांच्या घरचं वीजबिल ३०० युनिटांच्या आत कसं आणावं?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा कराडला दोघंच राहतात. घरात एसी नाही, तरी उन्हाळ्यात महिन्याला ३१०-३२० युनिट पडतात. ३०० च्या वर गेलं की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो असं बाबा धरून चालले होते. तसं नसतं, ३०० च्या वरच्या युनिटांनाच पुढच्या टप्प्याचा दर लागतो. पण तो बराच चढा आहे, आणि पेन्शनवर चालणाऱ्या घरात ते जाणवतं.

मला खरी काळजी वेगळीच आहे. बिल कमी व्हावं म्हणून आई संध्याकाळी दिवे मालवून बसते. जिन्यातला दिवासुद्धा लावत नाही. तो नऊ वॅटचा एलईडी आहे, रोज पाच तास जळला तरी महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. या वयात अंधारात जिना उतरताना पाय घसरला तर? आणि देवघरात नि बोळात जुने शून्याचे दिवे चोवीस तास चालू. नाव शून्याचं असलं तरी तो साधारण १५ वॅट खातो, म्हणजे एकेक दिवा महिन्याला जवळजवळ ११ युनिट! देवघरातला दिवा बंद करणं आईला पटणार नाही, ते बरोबरच आहे. तिथे अर्ध्या वॅटचा एलईडी लावून दिला, उजेड तिला पसंत पडला.

मग सगळी बटणं बंद करून, फ्रिजचा प्लगही काढून मीटरसमोर उभी राहिले. मीटरवर ३२०० इम्पल्स लिहिलंय, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. सगळं बंद असतानाही तो पाऊण मिनिटाला एकदा लुकलुकत होता. हिशेब केला तर सुमारे २५ वॅट, महिन्याचे १८ युनिट. चालू राहिलेल्या वस्तू दोनच: इन्व्हर्टर आणि सेटटॉप बॉक्स. बॉक्सचं बटण रात्री बंद करता येईल. पण बॅटरी पूर्ण चार्ज असताना इन्व्हर्टर इतकी वीज घेतो का? बॅटरी जुनी आहे, डिस्टिल्ड वॉटर वरचेवर घालावं लागतं. बॅटरी बदलावी की आधी कुणाला दाखवावी?

पंख्यांबद्दलही विचारायचंय. जुने तीन आहेत, प्रत्येकी ७५ वॅटचे. १५ तास चालले तर एका पंख्याचे महिन्याला ३४ युनिट. बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे एका पंख्यामागे २० युनिट वाचतील. आधी हॉल आणि झोपायच्या खोलीतले दोनच बदलायचा विचार आहे. हे पंखे वापरणाऱ्यांनी सांगा, व्होल्टेज कमी-जास्त होणाऱ्या भागात त्यांचं सर्किट टिकतं का? रिमोट बाबांना जमेल, आईला भिंतीवरचं बटणच हवं. तशी सोय कुठल्या पंख्यांत असते?

फ्रिज जुना आहे. दारात कागद धरून दार लावलं तर वरच्या बाजूला घट्ट बसतो, खाली अलगद निघून येतो. म्हणजे खालचं रबर गेलंय. मेकॅनिक सरळ नवा फ्रिज घ्या म्हणतो. नुसतं रबर बदलून कुणाला फरक पडलाय का?

गीझर १५ लिटरचा, दोन हजार वॅटचा. हिवाळ्यात दोघांच्या आंघोळी होईपर्यंत चालूच असतो. सोलर हीटर बसवावा असं मनात आहे, पण बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, कॉइलवर पांढरा थर धरतो. अशा पाण्याला काचेच्या नळ्यांचा सोलर हीटर चालतो का? दोन माणसांना १०० लिटरचा पुरेल ना?

उकाड्यात पंखा बंद करा, दिवे कमी लावा असे उपाय कृपया सुचवू नका. त्या दोघांनी आयुष्यभर काटकसरच केली आहे. कराड-सातारा भागात सोलर वापरणाऱ्यांनी क्षारांचा अनुभव आवर्जून लिहा. आगाऊ धन्यवाद.