गावात मशीन नाही, मग अ‍ॅपवर हवेचा आकडा कुठून येते?

धुऱ्यावरचा (वणी तालुका):
भाऊ एक डाउट हाय. आमच्या गावात प्रदूषण मोजायची मशीन नाही, तरी मोबाइलवर गावाचं नाव टाकलं का एक्यूआय (हवा किती खराब त्याचा आकडा) ८८ दाखवते, वरून "समाधानकारक"! इकडं आईनं सकाळी वाळत टाकलेलं पांढरं धोतर दुपारी काढलं तं काळपट, कोळशाचे ट्रक रात्रंदिवस चालू. मग हे ८८ मोजले कोणं?

नागपूरकर_डेटावाला:
मोजले कोणीच नाही, काढले. आधी कॉम्प्युटरवर हवेचं मॉडेल चालते, वारा, तापमान, कारखान्याची धुराडी, गाड्या, जाळपोळ सगळ्याचा हिशोब टाकून उद्याचं भाकीत काढते. युरोपची कॅम्स नावाची सेवा जगभराच्या हवेचं असं भाकीत देते, तिच्या नकाशातला एक चौकोन साधारण ४० किमीचा, म्हणजे तुझं गाव, वणी आन मधल्या खाणी एकाच डब्यात. मग जिथं मशीन आहे तिथं बघायचं. समजा मॉडेल म्हणते ५०, मशीन म्हणते ९०, तर चूक ४० ची. ती जशीच्या तशी जोडत नाहीत, कारण मशीनही बिघडते, ज्याचा भरवसा जास्त त्याचं वजन जास्त. ही दुरुस्ती मग आजूबाजूला पसरवतात, मशीनपासून जितकं लांब तितकी ती पातळ होत जाते. तुझ्यापर्यंत येता येता उरते ते जवळपास मॉडेलचंच.

धुऱ्यावरचा:
म्हणजे अतिवृष्टीसारखंच झालं की! आमची पऱ्हाटी पाण्यात, पण महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात ६५ मिमी पाऊस भरला नाही म्हणून पंचनामा नाही.

नागपूरकर_डेटावाला:
हो, फक्त तिथं एकच आकडा अख्ख्या मंडळाला चिकटवतात. आन धोतरावरची धूळ जाडी असते, पीएम २.५ म्हणजे हवेतले एकदम बारीक कण, ते डोळ्याला दिसतच नाहीत, म्हणून धोतरावरून ८८ खोटे ठरत नाहीत. पण रस्त्यालगतचा ट्रकचा धुराळा त्या डब्यात सरासरीत बुडते हे खरंच.

मास्तर_राजुरा:
मग उपग्रह काहून नाही वापरत?

नागपूरकर_डेटावाला:
वापरतात सर, पण तो जमिनीपासून वरपर्यंतची सगळी हवा एकत्र पाहते, नाकाजवळची वेगळी नाही. पावसाळ्यात ढग आले की तेही बंद.

मास्तर_राजुरा:
मी शाळेत स्वस्तातला सेन्सर लावला, धुक्याच्या दिवशी आकडा एकदम चढते अन ऊन पडलं का उतरते.

नागपूरकर_डेटावाला:
कण ओलाव्यानं फुगतात म्हणून. काही दिवस सरकारी मशीनच्या बाजूला ठेवून फरक टिपून घ्या, मग तुमचा आकडा नकाशात धरता येईल.

धुऱ्यावरचा:
मास्तर, टिपून झालं का सांगा, मी इकडं एक लावतो. तोवर धोतराची दोरी छपरीत बांधली.