निर्गम: स्वातंत्र्यलढा की नुसती सुटका?

भटका_वाचक:
बायबलमधलं निर्गम, म्हणजे इजिप्तमध्ये गुलाम असलेले इब्री (इस्राएली) लोक मोशेच्या मागे तिथून बाहेर पडतात ते पुस्तक, परत वाचतोय, एक गोष्ट खटकतेच. याला गुलामांचा स्वातंत्र्यलढा म्हणतात पण लढतंय कोण? दहा पीडा देव पाठवतो, समुद्र देव दुभंगतो, फारोचं (इजिप्तच्या राजाचं) सैन्यही तोच बुडवतो. लोक नुसती कुरकुर करतात. फारोने विटांसाठीचा पेंढा बंद केला आणि विटा मात्र तेवढ्याच मागितल्या, तर हे लोक मोशेवरच उखडले!

नदीकाठ:
अहो पहिला अध्याय बघा ना. शिफ्रा आणि पुवा, दोन सुइणी. फारोचा हुकूम होता इब्री बाईला मुलगा झाला की मारून टाका, ह्यांनी नाही मारले आणि वर त्याच्या तोंडावर सांगितलं की ह्या बायका दणकट आहेत, आम्ही पोचायच्या आधीच मोकळ्या होतात. तेव्हा मोशे जन्मलाही नव्हता. नंतर त्याची आई बाळ तीन महिने लपवते, बहीण नदीकाठी पाळत ठेवते, फारोची स्वतःची मुलगी बापाचा हुकूम मोडते. ह्या फारोचं नावसुद्धा ग्रंथात नाही, सुइणींची आहेत. हत्यार उचललं नाही म्हणून लढा नाही का?

भटका_वाचक:
मोजक्या बायका म्हणजे अख्खा समाज नव्हे. बायबलच्याच गणना पुस्तकाचा अध्याय 14 वाचा, दुसरा पुढारी नेमून मिसरला (इजिप्तला) परत जाऊ म्हणतात सरळ.

रोखठोक:
माझा आक्षेप वेगळाय. निर्गममध्येच देवाच्या दहा आज्ञा झाल्या की लगेच पुढच्याच अध्यायात इब्री गुलाम विकत घेतलास तर काय करायचं ते सुरू. सातव्या वर्षी सोडायचा, ठीक. पण बायबलच्याच लेवीय पुस्तकात, अध्याय 25 मध्ये, परक्यांतून घेतलेले गुलाम मुलाबाळांना वारसा म्हणून देता येतात. इतकं सोसून आलेल्यांनी हे करावं? अमेरिकेतले गुलामांचे मालक हाच अध्याय दाखवायचे.

नदीकाठ:
आणि त्याच अमेरिकेत गुलामांना पळवून नेणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक मोझेस, म्हणजे मोशेच, म्हणायचे. बायबलचंच अनुवाद नावाचं पुस्तक, अध्याय 23, स्पष्ट सांगतं, मालकाकडून पळून आलेला गुलाम परत देऊ नका, त्याला आवडेल तिथे राहू द्या. 1850 चा अमेरिकन कायदा याच्या बरोब्बर उलटा होता, पळालेला गुलाम धरून परत द्यायचा. आणि भटका, परत जाऊ म्हणणाऱ्यांचा जन्म गुलामीत गेलेला, वाळवंटात प्यायला पाणी नाही, पोरं बरोबर, अशा वेळी माणूस मिसरमधल्या मांसाच्या हंड्या आठवणारच. तरी गेलं का कोणी परत?

रोखठोक:
टबमनबद्दल आदरच आहे. पण तिचा मोठेपणा लेवीय 25 च्या खात्यावर जमा करता येणार नाही. तो नियम तिथेच आहे अजून.