मामांची दृष्टी गेली, आता भावाची: धोका नेमका कोणाच्या मुलांना?

प्रश्न: माझ्या 22 वर्षांच्या भावाला आधी उजव्या डोळ्याने समोरचे मधोमध धूसर दिसू लागले आणि सात आठवड्यांत डावा डोळाही तसाच झाला, दुखले मात्र काहीच नाही. दृष्टिचेतेला (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला) सूज आली असावी असे समजून स्टिरॉइड दिले गेले, त्याचा उपयोग झाला नाही. अखेर जनुकीय तपासणीत 11778 हे उत्परिवर्तन (डीएनएमधील बदल; आकडा त्याची जागा दाखवतो) सापडले आणि ‘लेबरचा आनुवंशिक दृष्टिचेता विकार’ असे निदान झाले. आमच्या मामांचीही दृष्टी ऐन तारुण्यात गेली होती. हा आजार मामांकडून भाच्याकडे येतो का? मला एक मुलगा आहे आणि भावाचे लग्न व्हायचे आहे, म्हणून विचारते.

उत्तर 1: मामांकडून काहीही आलेले नाही. दोष पेशीतील मायटोकाँड्रियाच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांच्या) डीएनएमध्ये आहे आणि तो आईच्या बीजांडातूनच पुढे जातो; म्हणजे तो तुमच्या आजीकडून मामांकडे आणि आईकडे, व आईकडून तुम्हा भावंडांकडे आला. भावाच्या मुलांना त्याच्याकडून हा धोका नाही, हे लग्नाच्या बोलणीत निःशंकपणे सांगावे. तुम्ही आणि तुमचा मुलगा मात्र बहुधा वाहक, म्हणजे हा दोष अंगी असलेले, असाल. वाहक असणे म्हणजे दृष्टी जाणे नव्हे: जुन्या कौटुंबिक अभ्यासांत साधारण निम्मे पुरुष आणि दहातील एक स्त्री बाधित होत असे, आणि अलीकडचे अंदाज त्याहूनही कमी आहेत.

उत्तर 2: वरील उत्तरात एक भर. धूम्रपानामुळे वाहकाची दृष्टी जाण्याचा धोका वाढतो, त्यामुळे मुलगा मोठा झाल्यावर त्याला पहिली गोष्ट हीच सांगा. क्षयावरील एथम्ब्युटॉल दृष्टिचेतेला घातक ठरू शकते, म्हणून कोणताही उपचार सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना या आजाराची कल्पना द्यावी. या आजारावरील आयडेबेनोन या औषधाला युरोपीय संघात 2015 मध्ये मान्यता मिळाली आहे. काहींची दृष्टी त्याने अंशतः सुधारते, सर्वांची नाही. याच आजाराच्या 14484 या दुसऱ्या उत्परिवर्तनात दृष्टी आपोआप परतण्याची शक्यता बरी असते, 11778 मध्ये कमी, हेही स्पष्टच सांगितलेले बरे.

उत्तर 3: मी स्वतः याच आजारासह अकरा वर्षे जगतो आहे. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, पण कडेची दृष्टी शाबूत असल्याने मी एकटा चालत जातो. भावाला औषधाची वाट पाहत बसू देऊ नका. कडेच्या दृष्टीने पाहण्याचा सराव आणि पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर आत्ताच सुरू करा. मी औषधाची वाट पाहण्यात दोन वर्षे वाया घालवली.