शाफ्टचं रेलिंग काढलं एकाने, परत लावायचं कुणी? (उलवे साईट)

उलवे_सिव्हिल:
नमस्कार मंडळी, उलव्याला एका टॉवरच्या साईटवर ज्युनियर इंजिनियर आहे, फिनिशिंग माझ्याकडे. परवा वरच्या एका मजल्यावर लिफ्टच्या शाफ्टसमोरचं रेलिंग गायब. प्लंबिंगवाल्यांनी पाईप आत घ्यायला काढलं, काम झालं, ते खाली निघून गेले आणि रेलिंग भिंतीला टेकवून तसंच. तेवढ्यात प्लास्टरची दोन पोरं लांब फळी घेऊन आली, त्यातला पुढचा उलटा चालत होता, मी ओरडलो म्हणून थांबला नाहीतर थेट खाली. मग विचारायला गेलो तर प्लंबिंगचा सुपरवायझर म्हणतो बॅरिकेड सेफ्टीवाल्यांचं, सेफ्टी ऑफिसर म्हणतो मी एकटा किती मजले बघू, आणि प्लास्टरचा मुकादम आपल्याच पोराला झापतोय की बघून चालता येत नाही का. गेटवर बोर्ड आहे, सुरक्षा ही सर्वांची जबाबदारी. मला मनापासून विचारायचंय, रोजच्या कामात ही जबाबदारी वाटून घ्यायची कशी? आणि दुसऱ्या ठेकेदाराचं काम मी थांबवलं तर चालतं का?

घोडबंदर_सेफ्टी:
चालतं, आणि थांबवायचंच. ठेकेदार कुणाचा ते नंतर बघता येतं. पण तुम्ही दरवेळी तिथे नसणार, म्हणून आमच्याकडे रेलिंग, शाफ्टचं गेट किंवा स्लॅबमधल्या ओपनिंगचं (होलाचं) झाकण हलवायचं असेल तर आधी परमिट लागतं. त्यावर मजला, काढणाऱ्या गँगच्या मुकादमाचं नाव आणि परत लावायची वेळ. काम चालू असेपर्यंत त्यांचाच एक माणूस तिथे उभा, त्याला दुसरं काम सांगायचं नाही. रेलिंग परत लागलेलं डोळ्याने बघितल्याशिवाय परमिट बंद होत नाही, त्यामुळे संध्याकाळी वही उघडली की कुठल्या मजल्यावर पळायचं ते लगेच कळतं. ज्याने काढलं त्यानेच लावायचं, यात सेफ्टीवाल्याचा संबंध फक्त तपासण्यापुरता.

अजून एक, डक्टच्या ओपनिंगवर नुसता प्लाय टाकून ठेवत असाल तर आजच बंद करा. कुणीतरी प्लाय उचलायला येतो, तो समोर धरल्यामुळे पायाखालचं दिसत नाही आणि एक पाऊल पुढे टाकलं की माणूस त्याच होलात जातो. प्लाय खिळे मारून पक्का करा आणि वर लाल रंगाने मोठ्ठं लिहा, खाली होल आहे, हिंदीत पण लिहा.

सेंटरिंग_खारघर:
मी सेंटरिंगमध्ये, म्हणजे स्लॅबचे साचे बांधायच्या कामात, हातोडी मारून वर आलोय, आता छोटी ठेकेदारी आहे, म्हणून कामगाराच्या बाजूने सांगतो. माणसाला धोका दिसत नाही असं नाही हो, त्याला सगळं दिसतं, पण नाक्यावरून आलेला माणूस बोलला तर उद्या त्याला कुणी नेणार नाही ही भीती असते आणि चौरस फुटावर काम असेल तर थांबलेला प्रत्येक तास त्याच्या खिशातून जातो, मग तो कशाला तोंड उघडेल? म्हणून मी माझ्या गँगला सांगून ठेवलंय की धोका म्हणून काम थांबलं तर त्या वेळेची हजेरी माझ्याकडून पूर्ण. हे एकदा पगाराच्या दिवशी खरं करून दाखवलं की मग आपोआप बोलायला लागतात.

हार्नेसचं, म्हणजे उंचीवर घालायच्या सेफ्टी पट्ट्याचंही तेच. साईटवर बघा, पट्टे सगळ्यांनी घातलेले आणि हुक हवेत लोंबकळतोय. विचारलं तर म्हणतात साहेब लावू कुठे, आणि ते बरोबरच असतं कारण हुक अडकवायची पक्की दोरी, लाईफलाईन, बांधलेलीच नसते. ती बांधून देणं ठेकेदाराचं, हुक लावणं माणसाचं, आणि दोन्ही झालंय का ते बघितल्याशिवाय वर न सोडणं सुपरवायझरचं.

सकाळी काम सुरू करायच्या आधीच्या सुरक्षेच्या बैठकीत (टूल बॉक्स टॉक) पाच मिनिटं भाषण देऊन सह्या घेण्यापेक्षा गँगलाच विचारा की आज कुठे पडायला होईल. बंगालकडची, झारखंडची पोरं असतात, त्यांच्यातल्याच एकाला सांगायला लावा.

घोडबंदर_सेफ्टी:
हार्नेसवरून आठवलं. हार्नेसपासून हुकापर्यंतची दोरी (लॅनयार्ड) 1.8 मीटरची, त्यात झटका कमी करणारा शॉक अब्सॉर्बर उघडून लांब होतो, त्यात माणसाची उंची, म्हणजे हुक पायाजवळ लावला असेल तर खाली पाच-सहा मीटर मोकळी जागा लागते. एका मजल्याच्या उंचीवर माणूस हार्नेससकट खाली आपटतो. तिथे रेलिंग किंवा जाळीच पाहिजे आणि हुक जमेल तेवढा डोक्याच्या वर.

ठाणे_पूर्व_कामगार:
वरचं सगळं पटतं पण "सर्वांची जबाबदारी" म्हणत शेवटी मेलेल्या माणसावरच ढकलतात याचा राग येतो. 10 सप्टेंबर 2023 ला बाळकुमला 40 मजली इमारतीची लिफ्ट कोसळून 7 कामगार गेले, गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग संपवून खाली येत होते, त्यांनी काय बघून चालायचं होतं? त्याच्या महिनाभर आधी समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ गर्डर लाँचर (पुलाचे गर्डर बसवायचं मशिन) पडला, 20 माणसं गेली. मशिनची तपासणी, लोड टेस्ट, हे बिगाऱ्याच्या हातात नसतं. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या 2020 च्या संहितेत कामगारावर कर्तव्य आहे, स्वतःची आणि आपल्या कामामुळे ज्याला इजा होऊ शकते त्याची काळजी घ्यायची, धोका दिसला तर कळवायचा. पण कळवल्यावर लगेच हालचाल करणं त्याच संहितेत मालकावर आहे.

1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात 500 किंवा जास्त कामगारांच्या साईटला सुरक्षा समिती सांगितलेली होती आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी चालत नाहीत अशी अट होती. तुमच्या समितीत प्लास्टरवाला, सळईवाला कुणी आहे का, की सगळे हेल्मेट घातलेले मॅनेजरच?

उलवे_सिव्हिल:
सगळ्यांचे आभार. समितीत कामगार नावापुरतेच आहेत, मीटिंग एसी केबिनमध्ये इंग्रजीत होते, ते गप्प बसून असतात. पुढची मीटिंग मजल्यावर आणि हिंदीत घ्या असं बोललोय. परमिटच्या वहीला प्रोजेक्ट मॅनेजर तयार झालेत, पण रात्रपाळीत ते परमिट बंद कोण करणार यावर अडलंय. तुमच्याकडे रात्री कोण बघतं?

घोडबंदर_सेफ्टी:
रात्री रेलिंग किंवा झाकण काढायचं परमिटच देत नाही. स्लॅब भरणं चालू असेल आणि काढावंच लागलं तर शिफ्ट इंजिनियर स्वतः वर जाऊन सही करतो, फोनवर नाही. आणि शाफ्टसमोर हॅलोजन लावून घ्या, काळोखात रेलिंग आहे की नाही तेच दिसत नाही.