मोटर वाइंडिंगचं दुकान गुगल मॅपवर वर कसं आणायचं? सल्ला पाहिजे

पंपवाला
मंडळी, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं मोटर वाइंडिंग आणि पंप दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. जुनं गिऱ्हाईक येतंय पण नवीन माणूस मोबाईलवर शोधतो आणि जो पहिला दिसेल त्याला फोन लावतो, आमचं नाव कुठंतरी खाली. बोअरची मोटर काढायला आम्ही कळंबा, पाचगाव, उचगावपर्यंत जातो. एका एजन्सीवाल्याचा फोन आलाय, वर्षाचे पंधरा हजार द्या, एक नंबरला आणतो, गॅरंटी म्हणतोय. द्यावेत का?

रंकाळावेस
खिशातच ठेवा दादा. मॅपवर वर आणायला आम्ही पैसे घेत नाही असं गुगलनं स्वतःच लिहून ठेवलंय. जाहिरात वेगळी, तिथं तसं लिहूनच येतंय. गॅरंटीवाला तुमच्याच दुकानाचं नाव टाकून सर्च मारणार आणि बघा आलं का एक नंबरला म्हणून दाखवणार, नाव टाकल्यावर येणारच की!

बावडेकर८५
सोपा उपाय सांगतो, गुगलवरच्या तुमच्या दुकानाच्या प्रोफाईलचं नाव बदलून 'बेस्ट मोटर वाइंडिंग पंप रिपेअर कोल्हापूर' करा. आमच्या शेजारच्यानं केलंय, वर आलाय.

मॅपमास्तर
बावडेकर, येतंय वर, खोटं नाही. पण ते नियमात बसत नाही, कुणी 'बदल सुचवा'मधनं तक्रार केली की नाव उडतंय, कधी अख्खं प्रोफाईल सस्पेंड होतंय, मग शॉप ॲक्ट, लाईट बिल जोडून अपील करत बसा. बोर्डवर जे नाव तेच ठेवा.

पंपवाले दादा, गुगल तीन गोष्टी बघतं. तुमचं काम शोधणाऱ्याला पाहिजे ते आहे का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आणि तुमचं नाव किती झालंय. अंतराला इलाज नाही. कसबा बावड्यातला माणूस घरात बसून शोधणार तर त्याला जवळची दुकानं आधी दिसणार, म्हणून दुकानात बसून स्वतःचा नंबर बघण्यात काही अर्थ नाही, एकच एक नंबर असा नसतोच. गावं सर्व्हिस एरियात टाका, वीसपर्यंत टाकता येतात, पण त्यानं तिथं वर याल असं समजू नका, गिऱ्हाईकाला एवढंच कळतंय की हे इकडं येतात.

मुख्य कॅटेगरी काय टाकलीय?

पंपवाला
भाच्यानं उघडून दिलेलं, आत्ता बघितलं तर 'इलेक्ट्रिशियन' आहे.

मॅपमास्तर
मग वायरिंगवाल्यांच्या गर्दीत उभे आहात तुम्ही. मुख्य कॅटेगरी 'इलेक्ट्रिक मोटर रिपेअर शॉप' करा, पंप विकत असाल तर त्याची दुसरी जोडा. आजच करा, बाकी सगळं नंतर. आणि प्रोफाईल भाच्याच्या मेलवर असेल तर प्रायमरी ओनर, म्हणजे मुख्य मालक, तुम्ही व्हा. उद्या एजन्सी लावलीच तर तिला मॅनेजर म्हणूनच घ्या, मालकी द्यायची नाही.

फुलेवाडी_ताई
आमचं एसी-फ्रीज रिपेअरिंगचं काम आहे, फोन सगळे मीच घेते. रिव्ह्यूमुळंच फरक पडला असं माझं मत. कधी मागायचा ते महत्त्वाचं हो. तुमच्यात मोटर बसली, बटण दाबलं, टाकीत पाणी पडाय लागलं की माणूस खूश असतो, तेव्हाच व्हॉट्सॲपवर लिंक टाकायची. रात्री टाकली की कोण लिहितंय! आणि सांगायचं, नुसते पाच तारे नको, काय काम केलं ते दोन ओळीत लिहा. रिव्ह्यू दिला तर शंभर रुपये कमी असलं काही करू नका, ते चालत नाही. वाईट रिव्ह्यू आला तरी भांडायचं नाही, 'मोटर परत घेऊन या, बघतो' एवढंच लिहायचं. पुढचं गिऱ्हाईक तेच वाचतंय.

रंकाळावेस
फोटो पण टाका. नेटवरनं उचललेला चकचकीत पंप नको. जळून काळं पडलेलं वाइंडिंग आणि शेजारी तोच स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा भाग, नवी तांब्याची तार भरून, वार्निश मारायच्या आधीचा. जाणकार शेतकरी तेवढ्यावर फोन करतोय.

पंपवाला
लई भारी, एवढं कुणी सांगत नाही. अजून एक, मॅपवर दुकानाची पिन मागच्या बोळात पडलीय, ती सरकवली तर परत व्हेरिफाय करा म्हणून व्हिडिओ मागतंय. काय दाखवायचं त्यात?

मॅपमास्तर
रस्त्यावरनं सुरू करा, आजूबाजूची दुकानं, मग तुमचा बोर्ड, मग कुलूप काढून शटर वर करताना, मग आत वाइंडिंग मशीन आणि गल्ला. एका दमात काढायचं, मधी कट करून जोडायचं नाही. गिऱ्हाईकाचे चेहरे येऊ देऊ नका. उजेडात काढा म्हणजे बोर्डवरचं नाव नीट वाचता येतंय.