शब्दचर्चा: 'स्वॅप एंट्री'ला 'अदलाबदल नोंद' म्हणावं का?

खडूफळा
लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या मुख्य भागात, पेज टेबल (मेमरीचं कोणतं पान, म्हणजे ठरावीक तुकडा, कुठे आहे याचा तक्ता) तपासणारी चाचण्यांची एक फाइल २०२०पासून आहे. ऑपरेटिंग सिस्टिम शिकणाऱ्यांसाठी मी तिच्यावर मराठीत टिपणं लिहितोय. त्यातलं एक वाक्य मी असं उतरवलं: 'अदलाबदल नोंदीची फंक्शनं हजर नोंदीवर चालवू नयेत.' हजर म्हणजे जिचं पान मेमरीत आहे ती नोंद. टिपणं वाचणाऱ्या मैत्रिणीने 'अदलाबदल नोंद'खाली रेघ मारली. तिचं म्हणणं, हे वाचून कुणालाही वाटेल की दोन नोंदींनी आपसात जागा बदलल्या आणि चाचणी त्याचीच आहे. पण स्वॅपला अदलाबदल हा शब्द तर रुळलेला आहे, दोन व्हेरिएबलच्या किमतींची अदलाबदल प्रत्येकाने केलेली असते. मग इथे काय म्हणायचं? मंडळी, सुचवा.

तिठा
मैत्रिणीचा आक्षेप मला पटतो. अदलाबदल म्हटलं की दोन पक्ष आले, दोन वस्तू आल्या. इथे तसं काहीच नाही. मेमरी कमी पडली की कर्नल एक पान डिस्कवर ठेवतो आणि पेज टेबलमध्ये त्या पानाच्या जागी एक खूण लिहून ठेवतो: कोणत्या स्वॅप क्षेत्रात (डिस्कवरच्या यासाठी राखलेल्या भागात), कितव्या जागेवर ठेवलं आहे. पुढे कुणी त्या पत्त्याला हात लावला की पेज फॉल्ट येतो (पान जागेवर नसल्याचं कर्नलला कळतं), खूण वाचली जाते आणि पान परत आणलं जातं. सामान ठेवायला दिल्यावर हातात पावती मिळते ना, तशी ही पावती आहे. मी तर 'ठेवपावती'च म्हणेन.

अनुस्वार
'ठेवपावती' बोलायला गोड आहे, पण पारिभाषिक शब्दाला शिस्त हवी. विनिमय-प्रविष्टी म्हणा. विनिमयापासून विनिमेय, विनिमित असे शब्द सहज घडवता येतात. 'अदलाबदल'पासून तुम्ही विशेषण कसं करणार?

तिठा
प्रविष्टी मराठीत बोलतं कोण? हिंदीच्या सरकारी कागदांतून आलेला शब्द आहे तो. आपल्याकडे नोंद आहे, नोंदवही आहे, नोंदणी आहे. चांगलं चालतं नाणं टाकून टाकसाळ कशाला उघडायची?

अनुस्वार
प्रविष्टी संस्कृतची आहे, हिंदीने ती घेतली म्हणून आपल्याला वर्ज्य होत नाही. दिनांक आणि महापौर हे सावरकरांचे शब्दही सुरुवातीला कुणी बोलत नव्हतं. आज ते परके वाटतात का?

मूळशोध
शुद्धतेचा मुद्दा निघालाच आहे तर एक सांगतो. 'बदल' अरबीतून आलेला शब्द आहे आणि 'मोबदला' त्याच धातूचा. मोबदल्याचा मूळ अर्थही देवाणघेवाण असाच होता, मराठीत तो केलेल्या कामाचा दाम झाला. 'अदलाबदल' मात्र आपण जोडी लावून आपला करून घेतला. त्यामुळे अनुस्वार यांना तो नको असेल तर कारण व्याकरणाचं नसून मुळाचं आहे, असं मला वाटतं.

अनुस्वार
माझं कारण व्याकरणाचंच आहे. वर स्पष्ट लिहिलं आहे.

जुनी वही
'अदलाबदल' चूक ठरवण्याआधी इतिहास पाहा. सुरुवातीच्या युनिक्समध्ये सबंध प्रोसेसच (चालू असलेला प्रोग्राम) बाहेर जायची आणि तिच्या जागी दुसरी आत यायची. तेव्हा ती खरोखरीची अदलाबदल होती, शब्द चपखल बसत होता. मागणीनुसार एकेक पान आणण्याची सोय बर्कलीच्या युनिक्समध्ये १९७९च्या सुमारास आली, व्हॅक्स यंत्रांवर. व्यवहार बदलला, शब्द तोच राहिला. इंग्रजीत स्वॅप हा शब्दही आज आपल्या मूळ अर्थावर उभा नाही, मग मराठी शब्दाकडूनच एवढी काटेकोरपणाची अपेक्षा का करायची? मी चाळीस वर्षं जुना अर्थ धरून बसणाऱ्यांतला नाही, पण शब्दाला वापराने अर्थ येतो एवढं नक्की.

बिटपाखरू
जुनी वही, इतिहास बिनचूक सांगितलात. पण खडूफळा यांच्या वाक्यात फरक पडतो, आणि तो चाचणीतच दिसतो. जरा जवळून बघू या.

पेज टेबलमधली नोंद तीन अवस्थांत असू शकते. रिकामी, म्हणजे तिथे काहीच नाही. हजर, म्हणजे पान मेमरीत आहे आणि नोंदीत त्याचा फ्रेम क्रमांक (ते मेमरीच्या कोणत्या खणात आहे तो) व परवानग्या आहेत. आणि ही तिसरी, आपली स्वॅप एंट्री, जिच्यात पान नाही पण नोंद भरलेली आहे. हजर नोंद आणि तिसरी नोंद यांची बिट्सची मांडणी वेगवेगळी असते. एक्स८६ हे प्रोसेसरचं आर्किटेक्चर (रचना) घ्या. सर्वांत खालचं बिट 'हजर' सांगतं. ते शून्य केलं की वरच्या पाच बिट्समध्ये स्वॅप क्षेत्राचा क्रमांक आणि मधल्या बिट्समध्ये जागेचा क्रमांक लिहिला जातो. म्हणजे त्याच चौसष्ट बिट्सचा अर्थ सबंध बदलला.

आता चाचणी. आधी तिच्यात काय व्हायचं, तर एक हजर नोंद घ्यायची, तिला स्वॅप समजून उलगडायची, परत बांधायची आणि फ्रेम क्रमांक तोच निघतो का ते बघायचं. काही आर्किटेक्चरवर हे जमून जायचं, कारण बिट्स योगायोगाने एका जागी पडायची. पण त्या फंक्शनांना हजर नोंद द्यायचीच नसते! म्हणून पुढे ती बदलली: आता सुरुवातच खऱ्या स्वॅप नोंदीपासून होते. खडूफळा यांचं वाक्य नेमकं हेच सांगतं. तिथे 'अदलाबदल नोंद' लिहिलं तर वाचणाऱ्याला हजर नोंदीशी असलेला विरोध कळतच नाही. ठेवपावतीत तो कळतो: एक तर वस्तू हातात, नाही तर पावती.

खडूफळा
हे छान मांडलंत. त्यातलीच दुसरी चाचणी मला फार आवडते. ती क्षेत्राचा क्रमांक आणि जागेचा क्रमांक दोन्ही मावतील तेवढे मोठे घेते, म्हणजे त्यांची सगळी बिट्स एक. मग 'हे पान एकाच प्रोसेसचं आहे' सांगणारं बिट लावते आणि दोन्ही क्रमांक होते तसेच आहेत ना ते तपासते. मग ते बिट काढते आणि पुन्हा तपासते. कुणाचं बिट कुणाच्या जागेत घुसलं असेल तर तिथल्या तिथे पकडलं जातं. त्या बिटाला इंग्रजीत 'एक्सक्लुझिव्ह' म्हणतात. मी 'अनन्य' लिहिलं आहे.

तिठा
'एकट्याचं' लिहा. अनन्य म्हटलं की भक्ती आठवते.

मृद्गंध
ठेवपावतीला माझी एक अडचण आहे. ही तिसऱ्या अवस्थेतली नोंद फक्त डिस्कवर गेलेल्या पानांसाठी वापरत नाहीत. पान मेमरीतल्या मेमरीत एका फ्रेममधून दुसऱ्यात हलवायचं असेल तर तेवढ्या वेळापुरती तिथे मायग्रेशनची नोंद ठेवतात. मेमरीचा तुकडा हार्डवेअरच्या दोषाने बाद झाला तरी त्याच साच्यातली नोंद लिहितात. त्यासाठी क्षेत्रांच्या क्रमांकांपैकी काही राखून ठेवलेले आहेत. बाद झालेल्या पानाची कसली पावती? ते परत मिळणारच नाही. म्हणून सरळ 'गैरहजर नोंद' म्हणा, सगळे प्रकार त्यात येतात.

बिटपाखरू
गैरहजर कोण आहे? पान. नोंद तर तिथेच आहे. 'गैरहजर नोंद' वाचून माणूस रिकाम्या नोंदीकडे जाईल आणि तीनऐवजी दोनच अवस्था उरतील. कर्नलमध्ये ही गल्लत होऊ नये म्हणून केवढी काळजी घेतली आहे! स्वॅप क्षेत्राचं पहिलं पान शीर्षकासाठी राखलेलं असतं, त्यामुळे शून्य क्रमांकाची जागा कुणाला दिलीच जात नाही. सगळी बिट्स शून्य असलेली नोंद रिकामीच मानता येते, याला तेही एक कारण.

मृद्गंध
मग 'गैरहजर पानाची नोंद'. लांब आहे, पण खोटं नाही.

मूळशोध
'पाना'वरून आठवलं. पान पर्णापासून आलं आणि पृष्ठ म्हणजे पाठ. पोथीच्या एका पानाला दोन पाठी, म्हणजे दोन पृष्ठं. त्या हिशोबाने मेमरीतल्या ४०९६ बाइटच्या तुकड्याला पान म्हणणंच योग्य, कारण तो अख्खा उचलला जातो, त्याची एक बाजू वेगळी काढता येत नाही. पेज टेबलला पृष्ठसारणी लिहिणाऱ्यांनी याचा विचार करावा. 'तक्ता' फारसी आहे, तरी पानतक्ता मला जवळचा वाटतो.

अनुस्वार
पृष्ठसारणी अभ्यासक्रमात शिरलेला शब्द आहे. वापराने अर्थ येतो असं मघाशी आपल्यातलेच काही जण म्हणत होते.

जुनी वही
मीच म्हणालो आणि त्यावर ठाम आहे. पृष्ठसारणी राहू द्या, अदलाबदलही राहू द्या.

बिटपाखरू, हजर बिट शून्य असलं की बाकीच्या बिट्सकडे हार्डवेअर बघत नाही, असं आम्ही शिकलो. २०१८मध्ये इंटेलच्या प्रोसेसरमधला एल१टीएफ दोष बाहेर आला तेव्हा कळलं की अंदाजाने पुढचं काम उरकताना प्रोसेसर त्या बिट्सना पत्ता समजून आतल्या कॅशमध्ये (छोट्या वेगवान मेमरीत) बघतो. म्हणून लिनक्सने जागेच्या क्रमांकाची बिट्स उलटी करून लिहायला सुरुवात केली, म्हणजे तो पत्ता नसलेल्या मेमरीकडे बोट दाखवेल. तुमच्या पावतीवरचा आकडा आता उलटा लिहिलेला आहे, हेही टिपणांत यायला हवं.

बिटपाखरू
यायलाच हवं. आणि म्हणूनच चाचणी हवी: बांधताना उलटं केलं आणि उलगडताना विसरलं तर फेरी जुळणार नाही.

शब्दवेल्हाळ
धागा उशिरा पाहिला. सगळेच 'कर्नल' लिहिताय? कर्नल हा सैन्यातला हुद्दा. ऑपरेटिंग सिस्टिमचा तो कर्नेल. माझ्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत 'कर्नल मेमरीचं रक्षण करतो' लिहिलं आणि तपासणाऱ्या शिक्षकांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं.

तिठा
इंग्रजीत दोन्हींचा उच्चार एकच आहे. आपण उच्चाराप्रमाणे लिहितो, मग वेगळं का लिहायचं?

मूळशोध
मूळ मात्र वेगळं. हुद्दा इटालियन भाषेतून आला, सैन्याच्या रांगेवरून. हा दुसरा म्हणजे दाणा, बी, फळाच्या आतला गर.

अनुस्वार
म्हणूनच 'गाभा' म्हणा. आतला भाग, सगळं त्याच्याभोवती. गर्भापासून आलेला तद्भव शब्द आहे, तिठा यांनाही चालावा.

मृद्गंध
मग प्रोसेसरच्या कोअरला (त्यातल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एकेका भागाला) काय म्हणाल? तिथेही बरेच जण गाभाच लिहितात. 'आठ गाभ्यांवर एकच गाभा चालतो' हे वाक्य मला कुणी समजावून सांगेल का?

अनुस्वार
कोअरला 'केंद्र' म्हणावं. गाभा कर्नेलला द्यावा, त्याचा हक्क आधीचा आहे.

शब्दवेल्हाळ
आधीचा कसा? कर्नेलला गाभा म्हटलेलं जुनं मराठी लेखन कुणाकडे असेल तर इथे द्या. माझ्या पाहण्यात तरी कोअरसाठीच आला आहे तो.