आईच्या अपघाताचा दावा करावा की नाही?

ए-१०३ : नमस्कार. आईची विचारपूस करणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली असून ती वॉकर घेऊन घरातल्या घरात चालू लागली आहे. ज्या तरुणाच्या गाडीने तिला धडक दिली, त्याचे वडील काल घरी आले होते. मेडिक्लेममधून न मिळालेला खर्च देण्यास ते तयार आहेत. मात्र आमची काहीही तक्रार नाही व पुढे भरपाई मागणार नाही, असे आम्ही लिहून द्यावे, ही त्यांची विनंती आहे. आई म्हणते, की पोराचे शिक्षण चालू आहे, कोर्टकचेरी करून त्याचे आयुष्य कशाला नासवायचे. तिचे मन मोडवत नाही, पण सही करण्याआधी आपले मत हवे आहे.

बी-५०१ : माझ्या मते पैसे घ्यावेत आणि मोकळे व्हावे. आमच्या नात्यातील एका दाव्यात वर्षानुवर्षे तारखा पडत राहिल्या, आणि वकिलांनी मिळणाऱ्या रकमेचा चौथा हिस्सा मागितला होता. या वयात काकूंना ती दगदग नको.

सी-२०४ : मी विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. त्या कागदावर आज सही करू नका. पोलिसांकडील गुन्हा आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढील (म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायालयापुढील) अर्ज या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दाव्यात कोणाला शिक्षा होत नाही; गाडीचा थर्ड पार्टी विमा (गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा) चालू असेल आणि मुलाकडे वैध परवाना असेल, तर रक्कम विमा कंपनी भरते. परवाना नसेल, तर कंपनी ती मालकाकडून वसूल करू शकते आणि तेव्हा वहिनींची, म्हणजे तुमच्या आईंची, काळजी खरी ठरते. म्हणून आधी पोलीस ठाण्यातून एफआयआर, पंचनामा, विमा व परवाना यांच्या प्रती घ्याव्यात. तोवर या बाजूने किंवा त्या बाजूने काही ठरवणे घाईचे होईल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीसाठी चूक कोणाची हे सिद्ध न करता २,५०,००० रुपये मिळतात, आणि हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. कलम १६६ खाली चूक सिद्ध करावी लागते, पण उपचार, पुढील शस्त्रक्रिया, वेदना, कायमचे अपंगत्व या सर्वांचा हिशेब होतो. विमा कंपनीमार्फत कलम १६४ ची रक्कम स्वीकारली, की १६६ चा अर्ज संपुष्टात येतो. त्यामुळे हाड जुळून पाय कितपत वाकतो हे कळल्यावरच त्यातली निवड करावी. अर्थात अपघातापासून सहा महिन्यांच्या मुदतीत अर्ज दाखल झालाच पाहिजे. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर राहू नये.

आणखी एक. वहिनी नोकरी करत नाहीत म्हणून त्यांचे नुकसान नाही, असे त्यांनीही समजू नये आणि आपणही. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचे मोल धरूनच भरपाई ठरवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सांगितले आहे. मेडिक्लेमची रक्कमही भरपाईतून वजा करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये तसा निर्णय दिला आहे. म्हणजे ते गृहस्थ देऊ करतात तो ‘उरलेला खर्च’ हा वहिनींच्या हक्काचा लहानसा भाग आहे.

बी-५०१ : मेडिक्लेमचे मला ठाऊक नव्हते. पण वकिलांच्या हिश्श्याचे काय?

सी-२०४ : निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास किंवा भरपाईत वाटा घेण्यास बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमांनी मनाई आहे. कोणी टक्केवारी मागितली तर दुसरे वकील पाहावेत. वेळ लागतो हे तुमचे म्हणणे मात्र खरे आहे. चूक स्पष्ट असेल आणि कागद पूर्ण असतील तर लोकअदालतीत तडजोड होऊ शकते, आणि तिथे कंपन्या बोलणी करतात हे मी स्वतः पाहिले आहे.

ए-१०३ : काका, आईला हे सगळे वाचून दाखवले. त्या मुलाला त्रास होणार नसेल तर तिची हरकत नाही. परवान्याचे आधी पाहा, असे तिने दोनदा बजावले. त्या गृहस्थांना सही करत नसल्याचे आजच कळवतो. सोमवारी पोलीस ठाण्यात जाणार आहे, आपण बरोबर याल का?

सी-२०४ : येतो. डिस्चार्जचे कागद, एक्स-रे आणि सर्व मूळ बिले बरोबर घ्या, औषधांची किरकोळ बिलेसुद्धा. मेडिक्लेमसाठी मूळ बिले दिली असतील, तर कंपनीकडून त्यांच्या शिक्क्याच्या प्रती आजच मागवा.